भाव जुळेपर्यंत

३ मार्च, मंगळवार. सकाळ.

हिला काल हॉस्पिटलमधून सोडलं. खुब्याचं ऑपरेशन छान झालं. तिथून थेट लेकीकडे नेली. फक्त दोन आठवडे. लेकीची अट एकच: आपल्या बाथरूमच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा हवा. रबराची मॅट तिनंच आणून दिली आहे. म्हणाली, बाबा, दांडा बसला की त्याच दिवशी आईला आणून सोडते.

लेक तिथल्या तिथे मोबाइलवरून दांडा मागवायला निघाली होती. मी थांबवलं. चौतीस वर्षं कंपनीच्या खरेदी खात्यात काढली आहेत. बॉयलरपासून टाचण्यांपर्यंत सगळं घेतलं. आता एक दांडा लेकीनं मागवून द्यायचा?

संकल्प: रविवारपर्यंत दांडा भिंतीत. सोमवारी ही घरात.

या कामाची व्यवस्थित नोंद राहावी म्हणून ही वही.

४ मार्च.

पिवळ्या दुकानात गेलो. (आपल्याकडे घरसामानाची मोठी दुकानं दोन. एकाची पाटी पिवळी, दुसऱ्याची निळी. खरी नावं लांबलचक आहेत.) दांडा उत्तम. दोन फुटी, जाड, पकड खरखरीत. दारातच बोर्ड: हाच माल दुसरीकडे स्वस्त दाखवा, आम्ही त्याच भावात देऊ.

वाचून बरं वाटलं. अजून कोणीतरी तत्त्वानं धंदा करतंय.

दांडा घेतला नाही. आधी निळ्यात बघणार.

५ मार्च.

निळ्यात तोच दांडा नऊ टक्क्यांनी स्वस्त! मात्र फिटिंगचे पैसे वेगळे. पिवळ्यात फिटिंग फुकट. म्हणजे निळ्याचा भाव आणि पिवळ्याचं फिटिंग, हा सौदा. सामान्य माणसाला हे सुचणार नाही. मोबाइलवर फोटो काढला. उद्या काम फत्ते.

जावई म्हणाले, निळ्यातूनच आणा, मी ड्रिल घेऊन येतो, अर्ध्या तासाचं काम. नम्रपणे नको म्हटलं. जावयाला भिंतीला भोकं पाडायला लावणं बरं दिसत नाही.

६ मार्च.

पिवळं दुकान, कस्टमर सर्व्हिस काउंटर. टोकन ३८. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई, पन्नाशीच्या. फोटो बघून म्हणाल्या, फोटो चालत नाही, छापील पुरावा लागतो. शिवाय मॉडेल नंबर वेगळा. आमच्याच्या शेवटी पी, त्यांच्याच्या शेवटी एन. मी म्हटलं, बाई, दांडा एक, कारखाना एक, भोकंसुद्धा तितकीच. त्या म्हणाल्या, अक्षर वेगळं.

यात त्यांचा दोष नाही. कंपन्या हे मुद्दाम करतात, भाव जुळू नयेत म्हणून. पण त्यांना माहीत नाही की गाठ कोणाशी आहे.

८ मार्च, रविवार.

दांडा नाही. संकल्प पुढच्या रविवारवर. हरकत नाही, तसेही दोन आठवडे हातात आहेतच.

लेकीकडे जाणार होतो. गेलो नाही. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा काम फत्ते करूनच जावं. हिला तेच आवडेल.

११ मार्च. संध्याकाळ.

हिचा फोन. म्हणाली, लेक आंघोळ घालते. नऊ महिने पोटात वाढवलेली पोरगी, पण तिच्यापुढे स्टुलावर बसायचं म्हणजे संकोचानं जीव अर्धा होतो. मग विचारलं, दांडा आला का.

तिला पी आणि एनची भानगड नीट समजावून सांगितली. वीस मिनिटं लागली. मध्ये एकदाही बोलली नाही, इतकं लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी बरं म्हणाली आणि ठेवला.

घरी काहीतरी खायला करायचं होतं. ब्रेड खाल्ला.

१४ मार्च, शनिवार.

विजय! निळ्या दुकानात मागच्या रॅकवर, सगळ्यात खाली, शेवटी पी असलेला दांडा मिळाला. एकच नग. जुना साठा असावा. भाव तोच, नऊ टक्के कमी. पिवळ्यांना छापील पुरावा हवा ना? घ्या पुरावा. सरळ विकत घेतला. बिलावर मॉडेल नंबर, शेवटी पी, लख्ख.

सोमवारी बिल दाखवणार.

१५ मार्च, रविवार.

दांडा जेवणाच्या टेबलावर आहे. चकचकीत. फोनवर लेकीला सांगितलं. ती इतकी खूश झाली की लगेच जावयांना हाक मारली. जावई म्हणाले, तासाभरात ड्रिल घेऊन पोचतो, उद्या सकाळी आईंना आणतो. मी म्हटलं, घाई नको. हा दांडा लावायचा नाही, हा पुरावा आहे.

पलीकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

१६ मार्च.

टोकन ५२. चष्मेवाल्या बाईंनी बिल पाहिलं, मॉडेल जुळवलं, खूश दिसल्या. मग नियमाप्रमाणे निळ्या दुकानाला फोन लावला. नियम सात: माल दुसऱ्या दुकानात आज शिल्लक असला पाहिजे. निळे म्हणाले, शिल्लक नाही. एकच नग होता, तो परवा कोणीतरी नेला.

तो कोणीतरी मी.

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, काका, दांडा तुमच्याकडे आहे ना? स्वस्तातच मिळालाय ना? मग लावून टाका की. मी म्हटलं, बाई, प्रश्न दांड्याचा नाही, तुमच्या दारातल्या बोर्डाचा आहे. त्या चष्मा पुन्हा पुसायला लागल्या. विचारात पडल्या असाव्यात.

१७ मार्च.

तोडगा सुचला. अगदी सोपा. दांडा निळ्यात परत केला. म्हणजे त्यांच्याकडे शिल्लक एक. बस पकडून पिवळ्यात. टोकन ४४. बाईंनी फोन लावला. निळे म्हणाले, होता, दहा मिनिटांपूर्वी एक गृहस्थ घेऊन गेले.

एवढ्या मोठ्या शहरात नेमका आजच एकाला तो दांडा हवा होता. माझं नशीबच फुटकं.

दोन आठवडे काल संपले. लेकीचा फोन आला नाही, बरं झालं.

१९ मार्च.

हेल्पलाइन. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पस्तीस मिनिटं महत्त्वाचा होता, मग तुटला.

मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. चार पानं, मुद्देसूद. सेवानिवृत्त, खरेदी खाते, असं खाली लिहिलं. खूप दिवसांनी पत्र लिहिताना हात चालला.

२२ मार्च, रविवार.

शेवटी गेलो लेकीकडे. ही वॉकर घेऊन चालते. बारीक झाली आहे. केस लेकीनं कापून दिले आहेत, आखूड. मला विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. पण वाईट दिसत नाहीत.

तिनं विचारलं, दांडा? मी सगळं सविस्तर सांगितलं. तीन दिवस घरात होता, मग परत केला, का केला, नियम सात. बोलता बोलता लक्षात आलं की लेक उठून स्वयंपाकघरात गेली आहे आणि नळ मोठा सोडून भांडी घासते आहे. जावई मोबाइलमध्ये. ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, त्या दिवशीही तुम्ही दुकानातच होतात.

रागानं नाही म्हणाली. गुरुवारी पेपरवाला आला होता, असं सांगावं तशी म्हणाली.

बसमध्ये जागा मिळाली.

२३ मार्च. दुपार.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण नोंद अर्धवट नको.

स्वयंपाकघराचा नळ आणला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा भाव उतरल्याची जाहिरात. बिल घेऊन फरक मागायला गेलो. हक्काचा होता. घरातून निघालो तेव्हा ही म्हणाली, लवकर या. टोकन ६४ मिळालं, तेव्हा ४१ चालू होतं. माणसाला वाटतं, इतका वेळ बसलोच आहोत तर आता उठून कशाला जायचं.

ही दहाच्या सुमारास घसरली. मी सव्वाला पोचलो. सव्वातीन तास ती ओल्या फरशीवर होती. हाका मारत होती. शेजारी टीव्ही लावलेला. नंतर हाका मारणं सोडून दिलं म्हणाली. टॉवेल ओढून अंगावर घेतला आणि वाट बघितली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की हाड पडतानाच मोडलं. मी दहा मिनिटांत आलो असतो तरी मोडलेलंच असतं. हे मी लेकीलाही सांगितलं होतं.

फरक मिळाला. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात तसाच आहे.

लिहायला नको होतं.

संकल्प: उद्या जाऊन जो भाव असेल त्या भावात दांडा घ्यायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. सकाळी जायचं, घ्यायचा, यायचं.

२४ मार्च.

सकाळीच पिवळ्यात गेलो. दांडा ट्रॉलीत ठेवला. पैसे भरायच्या रांगेत उभा राहिलो. पुढे दोनच माणसं. तिथून कस्टमर सर्व्हिसचं काउंटर दिसतं. टोकनचं मशीन रिकामं होतं, एकही माणूस नाही. असं कधीच नसतं. म्हटलं, एवढं विचारून घ्यावं. तोंड उघडलं आणि भावाचंच निघालं.

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, निळ्यात सेल लागलाय. नियम चार: सेलचा भाव जुळवत नाही. सेल दहा एप्रिलपर्यंत.

दांडा परत रॅकवर ठेवला. आता सेल संपेपर्यंत थांबणं भाग आहे. नाइलाज.

२८ मार्च.

पिवळ्यात सहज गेलो होतो. काउंटरपुढच्या खुर्च्यांवर लोक गोंधळलेले असतात. एकाला चुकीच्या रंगाचा डबा मिळाला होता, बिल हरवलेलं. त्याला सांगितलं, कार्डानं भरले असतील तर बिल लागत नाही, नियम अकरा. तो खूश. एका बाईंना फॉर्म भरून दिला. तीन तास कसे गेले कळलं नाही. चष्मेवाल्या बाईंनी मशीनचा चहा आणून दिला. म्हणाल्या, काका, दांडा कोणासाठी हवाय? मी म्हटलं, मिसेससाठी. त्यांनी विचारलं, त्या कुठे आहेत? मी म्हटलं, येणार आहेत.

घरी घड्याळाची टिकटिक फार ऐकू येते. सेल बदलून टाकावेत, नवे सेल कमी आवाज करतात का ते विचारायला हवं.

२ एप्रिल.

संध्याकाळी फोन केला. नातीनं उचलला. आजी बाहेर गेली आहे म्हणाली. तळ्यापर्यंत, काठी घेऊन, शेजारच्या आजींबरोबर.

वॉकर सुटला हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असेल. घरात माणसं जास्त असली की असं होतं.

चाळीस वर्षांत ही माझ्याबरोबर फिरायला अशी आलीच नाही. मी म्हणत नसे, हे खरं. पण तिनंही कधी म्हटलं नाही.

६ एप्रिल.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं रस्त्यात गाठलं. म्हणाला, वहिनी पडल्या ना? माझ्याकडे आहे दांडा, आत्ता येऊन लावतो, पैसे सवडीनं द्या. चांगला माणूस. पण मुख्य कचेरीकडे प्रकरण विचाराधीन असताना मध्येच दुसरीकडून माल घेणं खरेदीच्या रिवाजात बसत नाही. त्याला तसं समजावलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खांद्यावर हात ठेवून गेला. हे कशाला, कळलं नाही.

९ एप्रिल.

ही फोनवर जेमतेम दोन मिनिटं बोलते. जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवते. दांड्याचं विचारत नाही. माझ्यावर ताण येऊ नये म्हणून असणार. समजूतदार आहेच ती.

तिचा गाउन धुवून घडी करून ठेवला आहे, दारामागच्या खुंटीवरचा. एकदा धुतला होता, पण धूळ बसली होती.

१३ एप्रिल.

निळ्याचा सेल संपला. पी वाला माल नवा आला: सहा नग! प्रत्यक्ष मोजून आलो. पिवळ्यात गेलो तर चष्मेवाल्या बाई रजेवर. बदलीवर एक टायवाला. तो म्हणाला, भाव जुळवणीचे अधिकार मला नाहीत.

थांबतो. आता शेवटच्या टप्प्यात घाई करून चालणार नाही.

१६ एप्रिल, गुरुवार.

झालं!

मुख्य कचेरीचं पत्र आलं. आपण जागरूक ग्राहक आहात. विशेष बाब म्हणून नऊ टक्के मंजूर, फिटिंग विनामूल्य. आपल्या समाधानातच आमचं समाधान.

पत्र घेऊन गेलो. चष्मेवाल्या बाई परत आल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या, हात पुढे केला. काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. टोकन घेऊन बसलेले दोघे तिघेही वळून बघायला लागले. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. चव्वेचाळीस दिवस लागले, पण बोर्डावर लिहिलं होतं ते त्यांना पाळायला लावलं.

दांडा घेऊन निघालो तेव्हा बाई म्हणाल्या, आता येणं होणार नाही तुमचं. मी म्हटलं, बघू.

हिला फोन केला. लेक म्हणाली, झोपली आहे. दुपारी साडेचारला? म्हटलं, उठली की सांग, दांडा आला. लेक हो म्हणाली. तिचा आवाज बसला होता. सर्दी झाली असावी.

फिटर शनिवारी. रविवारी ही घरात. चादरी बदलायच्या. दूध जास्त सांगायचं.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळी अकरा.

फिटर आला. पिशवी खाली ठेवली, भिंत ठोकून पाहिली, टाइलमागे पोकळ नाही म्हणाला. मग पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, कोणासाठी आहे? मिसेससाठी म्हटलं. उंची किती त्यांची? म्हणाला, हात सहज पोचला पाहिजे, उंच लावला तर धरता येत नाही, खाली लावला तर तोल जातो.

मी हातानं दाखवलं, साधारण इथपर्यंत. तो म्हणाला, म्हणजे खांद्यापर्यंत की कानापर्यंत? मी हात थोडा वर केला. मग खाली. कपाटाजवळ ही उभी आहे असं डोळ्यांपुढे आणलं. ती कपाटात काहीतरी शोधत होती, पाठमोरी, आणि मी पेपर वाचत होतो. उंची दिसेना.

फिटर म्हणाला, घरी आहेत का? उभ्या करा दोन मिनिटं.

फोन लावला. हिनंच उचलला. विचारलं, तुझी उंची किती?  ती हळूच म्हणाली, कशाला? सांगितलं, फिटर आलाय, पेन्सिल घेऊन उभा आहे, खूण करायची आहे.

ती म्हणाली, तुमच्या उंचीला लावा.

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठी आहे.

म्हणाली, मी आता इथेच राहते. त्या बाथरूमच्या दाराशी गेले तर पाय उचलायचा नाही माझा, दहा दांडे लावलेत तरी. मग म्हणाली, तुमचंही वय झालंय, तुम्ही पडलात तर घरात हाक ऐकायला कोणी नाही. म्हणून तुमच्या उंचीला लावा.

रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. चव्वेचाळीस दिवसांची सगळी माहिती तोंडपाठ होती, आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

फिटरला म्हटलं, माझ्या उंचीला. त्यानं मला भिंतीपाशी सरळ उभं केलं, दांडा धरल्यासारखा हात करायला सांगितला आणि कोपराजवळ पेन्सिलनं खूण केली. ड्रिलचा आवाज फार मोठा होता. वीस मिनिटांत काम झालं. जावई अर्धा तास म्हणाले होते.

१९ एप्रिल, रविवार.

दांडा मजबूत आहे. जरा हलत नाही.

आंघोळीच्या वेळी धरून पाहिला. मग सोडवेना. पाणी गार होईपर्यंत तसाच उभा होतो.

दुकानाचा फोन: सेवेबद्दल किती समाधानी, एक ते पाच. पाच दाबलं.

संध्याकाळी हिचा फोन आला. स्वतःहून. दांडा नीट बसला का विचारलं. बसला म्हटलं. रविवारी इकडे जेवायला येत जा म्हणाली. मग म्हणाली, आंघोळीला गेलात की रोज धरत जा, विसरू नका.

धरतो म्हणालो.